गुरुवारचं पापलेट

आमच्या मुलीला तिच्या आत्याच्या, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या, मासळीच्या टोपलीशेजारी बसायचं होतं. मुलगी वीस वर्षांची. तिची समज हळू चालते, हट्ट मात्र वेगात. ताटातला मासा ती चवीवरून ओळखते, टोपलीतला नाही. बहीण अलिबागच्या बाजारात विकते. तिची अट सरळ होती: गिऱ्हाईक मागेल तोच मासा हातात आला पाहिजे.

शिकवायचं कसं, यावर घरात दोन पक्ष पडले. मी माशाचं नाव घेताच मुलीचा हात धरून त्या माशावर ठेवायचो आणि दिवसागणिक पकड सैल करायचो. बायको नाव घेऊन गप्प थांबायची. अडली तरच दाखवायची. मुलीच्या विशेष शाळेतल्या बाईंनी आमचा वाद ऐकून सुचवलं, की दोन्ही पद्धती आलटून पालटून वापरा, दोघांचे मासे वेगळे पण सारखेच अवघड ठेवा, बाकी काहीही वेगळं होऊ देऊ नका.

मोजमाप हा माझा प्रांत. मी पापलेट आणि सुरमई घेतली, बायकोला हलवा आणि रावस दिला. वारही वाटले. सोमवार, गुरुवार, शनिवारी आमच्याकडे मासे शिजत नाहीत, ओटा मोकळा असतो, म्हणून ते माझे. बुधवार, शुक्रवार, रविवार बायकोचे. तिनं लगेच मान्य केलं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

बायकोचा आलेख चढत गेला, माझा जमिनीवरच राहिला. माझ्यासमोर मुलगी हात मागे घेऊन बसायची आणि मी प्रामाणिकपणे ‘चूक’ लिहायचो. एका गुरुवारी बर्फातलं पापलेट पुढे ठेवलं, तेव्हा ती वैतागली.

‘‘बाबा, आज गुरुवार हाय. मासे न्हाय.’’

बायको दारात हसत उभी होती. ‘‘माझा मासा ओळखला की तव्यावर जातो. तुमचा परत बर्फात. ती कशाला हात लावेल?’’

म्हणजे मी पद्धती मोजतच नव्हतो, वार मोजत होतो. मग सगळं नव्यानं मांडलं. दोघांची शिकवणी एकाच दिवशी, तीही खायच्या वारी. आधी कोण, ते नाणं उडवून. आणि तवा दोघांचं झाल्यावरच तापवायचा. तरीही बायकोच जिंकली, पण थोडक्यात. हे ‘थोडक्यात’ मी तिला अधूनमधून ऐकवतो.

बहिणीच्या परीक्षेत मुलीनं एकही मासा चुकवला नाही. ती टोपलीशेजारी बसू लागली. पहिल्याच गुरुवारी मात्र एका मुंबईकरानं सुरमई मागितली, आणि तिनं टोपलीवर फडकं टाकून त्याला वार सांगितला.

दुपारी बहिणीचा फोन आला. ‘‘दादा, पोर मासा चुकत न्हाय. पण गुरवारी तिला घरीच ठेव, माझं गिऱ्हाईक परत जातंय.’’

सोमवारी आणि शनिवारीही हेच होणार, हे मीच बहिणीला आधी सांगून टाकलं.