ट्रॉली म्हणजे कोणती?

मणक्यातली गादी सरकली आहे, यापुढे वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला हसूच आलं. मी जालन्यात काचा पुसतो. लोकांना वाटतं, काचा पुसायच्या म्हणजे फडकं फिरवायचं. फडकं फिरवणं ही शेवटची मजा झाली. खरं काम म्हणजे भरलेल्या बादल्या, शिडी, लांब काठ्या, रबराचे वायपर आणि साबणाचा कॅन हे सगळं खालून वरच्या मजल्यावर वाहून नेणं. वजन उचलायचं नाही तर मग करायचं काय, हे मात्र डॉक्टरांनी सांगितलं नाही. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि कंबरेला पट्टा.

आम्ही नवरा-बायको मिळून एका खाजगी दवाखान्याच्या काचा पुसायचो. समोरची अख्खी बाजू काचेची. जालन्यात काचेची इमारत बांधणाऱ्यापुढे मी हातच जोडतो. इथं लोखंडाच्या कारखान्यांची काळी धूळ अशी बसते, की सकाळी पुसलेल्या काचेवर संध्याकाळी बोटानं नाव लिहावं. पण तक्रार कोणत्या तोंडानं करणार? त्या धुळीवरच आमची चूल पेटत होती.

कंबर गेल्यावर बायको ओझं वाहू लागली. एक बादली डोक्यावर, एक हातात, आणि मी मागून रिकाम्या हातानं, लग्नातल्या जावयासारखा. हे दवाखान्याच्या मॅनेजरच्या नजरेत आलं. इस्त्रीच्या शर्टातला तरुण माणूस, आवाज कधी चढवायचा नाही. ओरडणारा माणूस मला परवडतो, त्याच्याशी भांडता तरी येतं. तो शांतपणे म्हणाला, "फरशीवर पाणी सांडतं, पेशंट घसरतील. दवाखान्यात डोक्यावर बादली घेऊन फिरतात का? आणि पगार दोघांचा, काम मात्र एकाच माणसाचं दिसतंय. सोमवारपासून ट्रॉली आणा. ट्रॉलीशिवाय आत यायचं नाही."

बाहेर आल्यावर बायको शिव्या देत होती आणि मला मात्र आशा वाटू लागली होती. ट्रॉली आली की उचलायचं कुणालाच नको, वरच्या मजल्यावर ती लिफ्टनं जाईल. ढकलणं मला जमत होतं, पुसणंही जमत होतं. म्हणजे माझी जागा वाचणार होती. मला दुसरं काही येत नाही आणि या वयात मोडक्या कंबरेच्या माणसाला कोण नवं काम देतंय? घरी बसायची मला इतकी भीती वाटत होती की झोपेतसुद्धा मी काहीतरी ढकलत असायचो.

आता ट्रॉली आणायची कुठून? साफसफाईचं सामान विकणाऱ्या एका दुकानदाराला फोन लावला. त्यानं जो आकडा सांगितला तो ऐकून मी फोन कानापासून लांब धरला. मग वडीगोद्रीकडच्या माझ्या साडूला फोन केला. त्याचा शब्द म्हणजे पंचक्रोशीत प्रमाण, निदान त्याच्या मते तरी. तो म्हणाला, "जालन्यात कशाला लुटून घेता दाजी? हिकडं या. हायवेला रांगेनं ट्रॉल्या बनवून राह्यलेत. जालन्यापेक्षा बिलकुल स्वस्त."

मी दुसऱ्या दिवशी पट्टा आवळून एसटीत बसलो. रस्त्यातला प्रत्येक खड्डा कंबरेतून थेट टाळूपर्यंत पोचत होता, पण मनात म्हटलं, सोसावं, काम होतंय. साडू स्टँडवर हजरच होता. त्यानं मला एका वेल्डिंगच्या दुकानात नेलं. मालकानं काळा चष्मा कपाळावर चढवला.

"कशी पाह्यजे? दोन चाकी का चार चाकी?"

"चार चाकी," मी म्हणालो. माणूस जाणकार वाटला.

"हायड्रॉलिक टाकायचं का?"

"ते काय असतं?"

"ट्रॉली आपोआप उलटती. माल खाली."

"न्हाई न्हाई, उलटायला नको. त्यात पाणी ऱ्हाणारे."

"मंग टँकरच घ्या की!" तो म्हणाला. "ट्रॅक्टर कोणता हाय तुमचा?"

तेव्हा कुठं मी दुकानामागं नजर टाकली. तिथं उसाची एक अख्खी ट्रॉली उभी होती, माझ्या घराएवढी. मी सांगितलं की मला दवाखान्याच्या काचा पुसायला पाहिजे. मालक आधी माझ्याकडं आणि मग साडूकडं बघत राहिला. नंतर तिथले सगळेच हसले. साडूही हसला. मी त्याला नको ते बोललो आणि चहा न घेता परतीच्या गाडीत बसलो. चूक खरं तर दोघांची होती. आमच्याकडं ट्रॉली म्हटलं की ट्रॅक्टरच्या मागची, हे मला तरी कुठं नवीन होतं? पण गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. गाडीत मला रडू आलं. शेजारच्या बाईंनी विचारलं तेव्हा कंबर दुखतेय म्हणालो.

बायकोनं हा किस्सा ऐकला आणि पदर तोंडाला लावला. "हसून घे," मी म्हणालो, "सोमवार आल्यावर दोघं मिळून रडू." मग ती म्हणाली, "बाजारात एका दुकानावर पाटीच हाय, ट्रॉलीची. मी रोज बघते." गेलो. ते दुकान किचन ट्रॉलीचं निघालं. दुकानदारानं ओट्याचं माप विचारलं. बायकोनं स्टीलचा एक कप्पा पुढं ओढला. आत चमच्यांना वेगळी जागा, वाट्यांना वेगळी. तो आवाज न करता आत गेला. तिनं परत ओढला. "चल," मी तिच्यावर खेकसलो. आमच्या घरात ओटाच नाही. जमिनीवर शेगडी आहे.

शनिवारी दुपारपर्यंत आम्ही गॅस सिलेंडरखालची चाकं पाहिली, एका ओळखीच्याची जुनी बाबागाडी पाहिली, भंगारात एक प्रवासी बॅगेचा सांगाडासुद्धा ओढून पाहिला. शिडी कशातच बसेना. मला भाकरी गिळवेना. शेवटी बायकोच म्हणाली, "अहो, ते कूलरचे स्टँड बघा."

जुन्या जालन्यातल्या एका वेल्डरच्या दारात उन्हाळ्यात न खपलेले लोखंडी स्टँड पडले होते. चौकोनी सांगाडा, खाली चार चाकं. माणूस म्हातारा होता आणि जेवायला उठत होता. मी त्याचा हातच धरला. "चाचा, सोमवारपर्यंत पाह्यजे. माझी रोजी जाईल."

"अरे, हात तो छोड बाबा," तो म्हणाला. "बोल, क्या लगाना?"

मग मी बोललो आणि तो लावत गेला. बादल्या हलू नयेत म्हणून दोन कड्या. काठ्या उभ्या ठेवायला पाइपाचे तुकडे. शिडीला बाजूनं दोन आकडे, नुसती सरकवायची, उचलायची नाही. दांडा माझ्या कंबरेच्या वर, म्हणजे वाकायला नको. लोखंडी चाकं काढून त्यानं रबराची घातली. इतका जीव लावून मी आयुष्यात कुठलीच वस्तू करवून घेतली नव्हती. पैसेही त्यानं सोसतील एवढेच घेतले. रविवारी अंगणात बादल्या भरून, शिडी अडकवून मी ती ढकलली. थेंब सांडला नाही. बायकोनं टाळी वाजवली. त्या रात्री मी पोटभर जेवलो.

सोमवारी मॅनेजर स्वतः खाली आला. त्यानं ट्रॉलीभोवती एक चक्कर मारली. मला राहवलं नाही. "साहेब, बघा तर," म्हणत मी भरलेली ट्रॉली एका हातानं फिरवून दाखवली. "दुसऱ्या माणसाची गरजच न्हाई. एकटी बाईसुद्धा सगळं आरामात नेईल."

तोंडातून शब्द गेला आणि मला तो ऐकू आला. बायकोनं माझ्याकडं पाहिलं.

मॅनेजरनं दांडा धरला, थोडी पुढं ढकलली, थोडी मागं. "खरंच की," तो म्हणाला. "छान केलंत. मग आता एकच माणूस पुरे. ताईंनाच ठेवू, शिडीवर चढायला कंबर धड पाहिजे."

"मंग मी बी न्हाई येत," बायको म्हणाली.

"येत न्हाई म्हणजे? घरात काय शिजवणार, माझी सरकलेली गादी?" मी ओरडलो. दवाखान्यात, पेशंटसमोर. ओरडलो नसतो तर तिथंच रडलो असतो. तिनं पदर खोचला आणि ट्रॉली आत नेली. चाकांचा आवाजसुद्धा झाला नाही.

मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. कामाच्या वेळी माणसानं कामाच्या जागी असावं, एवढीच सवय अंगात होती. बऱ्याच वेळानं वॉचमन आला. नवीन होता, मला ओळखत नव्हता.

"काका, तुमचं कोण हाय आतमधी?"

"बायको."

"ॲडमिट हाय का?"

"न्हाई. कामाला हाय."

"आन् तुम्ही?"

मी कंबरेचा पट्टा नीट केला. तो आवाज खाली आणून म्हणाला, "बाक पेशंटच्या माणसांसाठी हाय, काका. उठा जरा."