भाड्याचा मामा

मला लिहाय-वाचाय येत न्हाई. मी बोलून राहिलो अन् माझी लेक लिहून राहिली. ती नववीत हाय. ह्यात मी कुठं शहाणपणा केलेला दिसला, तर तो तिनं पदरचा घातलाय असं समजा.

मी नांदेड-लातूर काळीपिवळी चालवतो. आमच्या रोडला डायवरला मामा म्हणतात. शाळेतलं पोर मामा म्हणतंय, माझ्या बापाच्या वयाचा म्हातारा बी मामाच म्हणतोय. कंडक्टर मामा, पोलीस मामा, अन् कुणी कुणाला फसवलं की ‘मामा बनवला’ म्हणतात, त्यो बी मीच. दिवसभर ह्ये ऐकून ऐकून, कुणी मामा म्हणलं की माझ्या तोंडातनं आपोआप ‘हाव’ निघतंय. झोपेत बी निघतंय म्हणं, बायको सांगती. ह्या ‘हाव’नं मला जेलच्या दारात नेऊन उभं केलं.

त्या दिवशी नांदेडच्या स्टँडबाहेर एका शिटासाठी गाडी आडली होती. तेवढ्यात एक पोरगी आली. तोंडाला स्कार्फ, पाठीवर निळी सॅक.

“मामा, लातूर?”

“हाव.”

ती पलीकडच्या गाडीकडं बघाय लागली. सीट जातंय असं दिसल्यावर मी वरडलो, “ये बाई, तुला खिडकी देतो.”

खिडकीला आधीच एक जण हळदीचं पोतं मांडीवर घेऊन बसलेला. त्यो काय हलतोय! तवा पोरीला त्याच्या बाजूला कोंबलं. तिच्या अन् माझ्या मधी एक म्हातारी होती, माहूरहून देवीचं दर्शन करून आलेली. म्हातारीनं माझ्या कपाळाला मळवट भरल्यासारखं कुंकू फासलं, तोंडात तांबूल कोंबला अन् म्हणली, “आता नीट चालव रे बाबा.” ह्ये कुंकू ध्यानात ठेवा. मी ठेवलं न्हाई.

अहमदपूरला चहाला थांबलो. पोरगी खाली उतरली न्हाई. म्हणली, “मामा, जरासीक फोन देता का? आईला लावायचाय.” दिला. तिनं लावला, पुन्हा लावला, तिकडनं कुणी उचलंना. फोन माझ्या हातात परत आला अन् लगेच वाजला. आमचा नांदेडचा एजंट होता, गाड्या भरून देणारा.

“कुठं हायस?”

“चहाला.”

“गाडीत एक पोरगी हाय का? निळी सॅक?”

“हाय की. भाडं बुडवलं का मागच्या गाडीचं?”

“अरं येड्या, तिचा चुलता आलाय हितं, नायगावचा. चार माणसं घेऊन. पोरगी सोळाची हाय. म्हणतोय, डायवरानं फूस लावून पळवून नेली. ठाण्यात चाललेत ते.”

चहाचा कप मी तसाच टपरीवर ठेवला.

आमच्या स्टँडवर एक जण पेपर मोठ्यानं वाचतो. त्यात ह्ये रोज असतंय, फूस लावून पळवून नेले. आम्ही हसायचो. पण खरं सांगतो, फूस म्हंजे काय ह्ये मला म्हाईतच नव्हतं. मला वाटायचं, मलमासारखी काहीतरी चीज असंल. रुमालाला लावायची अन् हुंगवायची. कुणाला इचारलं न्हाई, कारण इचारलं की म्हणतील, ह्याला कामून पाहिजे?

मी पोरीकडं गेलो. “बाई, मी तुला कुठं काही लावलं का?”

“न्हाई मामा.”

“मंग तुझ्या चुलत्याला तसं सांग की फोनवर!”

चुलता म्हणल्याबरुबर तिनं स्कार्फ खाली ओढला. लेकराचं तोंड दिसलं. माझ्या लेकीपेक्षा लई मोठी नव्हती. म्हणली, “मामा, मला परत धाडू नका. काका मारत न्हाई, उपाशी ठेवत न्हाई. पण आईशी बोलू देत न्हाई. पप्पा वारल्यावर आईला काढून दिली अन् मला ठेवून घेतली. ती लातूरला मेसमधी पोळ्या लाटती. मागल्या आठवड्यात भेटाय आली, तर काकानं फाटकातनंच परत धाडली. मी माडीवरनं बघून राहिले होते.”

आता माझा कायदा गाडीपुरता. पासिंग, इन्शुरन, ओव्हरलोड. लोकाची पोर गाडीत बसली तर कोणतं कलम लागतंय, ह्ये लायसन देताना कुणी सांगत न्हाई. मला तर क्लच कोणता अन् ब्रेक कोणता ते कळंना.

हळदवाला म्हणला, “उतरव हितंच अन् चल. आपल्याला काय करायचंय?”

म्हातारी त्याच्यावर खेकसली. “हितं उतरवली अन् तिला काही झालं, तर कुणाच्या गाडीतली होती? ह्याच्याच ना?”

मी म्हणलो, “मंग परत नांदेडला नेऊ का?”

“अन् वाटंत धरला तर? गाडीचं तोंड कुणीकडं होतं ते कोण इचारतंय?”

नेली तरी मी, सोडली तरी मी. मागचे बाकीचे बोंबलून राहिले, “मामा, चला की!” त्यांना मी ‘हाव’ म्हणलो अन् निघालो.

हितं मी लेकीला सांगितलं, “लिही, मंग मी हिंमत केली अन् आपल्या पायानं ठाण्यात गेलो.” तिनं पेन खाली ठेवला. “पप्पा, खरं सांगा.”

बरं, खरं सांगतो. म्होरं रस्त्याला पोलीस गाड्या तपासून राहिले होते. रोजच्यासारखं. इतर वक्ताला मी खाकी बघितली की आधीच शेतातनं गाडी काढतो. त्या दिवशी मला वाटलं, माझ्यासाठीच आलेत. पोलिसानं निस्तं हात वर केला, अन् मी घाबरून ष्टेरिंग असं फिरवलं की गाडी त्याच्या बाजूच्या फाटकातनं सरळ ठाण्याच्या आवारात. दहाच्या गाडीत सोळा माणसं, टपावर दोन पोती. ओव्हरलोड काळीपिवळी स्वतःहून ठाण्यात नेणारा डायवर आजून पैदा झाला नसंल. मागनं माणसं वरडली, “मामा, आम्ही काय केलं?”

हवालदार भाईर आले. मी खाली उतरलो अन् हात जोडले. तोंडात लाल तांबूल, कपाळभर कुंकू. बाजूला ती पोरगी उभी, पाठीवर सॅक.

हवालदार माझ्याकडं बघतच राहिले. “लग्न-बिग्न लावून आला का काय रे?”

“न्हाई सायब! देवीचं हाय! म्हातारीचं!”

“कुणाचं?”

मी मागं गाडीकडं बोट केलं. तवा पोरगी भिऊन म्हणली, “सर, हे माझे मामा.”

अन् माझ्या तोंडातनं निघालं, “हाव.”

“सख्खे?”

“हाव.”

“मग हिच्या आईचं नाव काय?”

आता आली का पंचाईत! मी पोरीकडं बघितलं, हवालदारांनी मधी हात धरला. “तिच्याकडं बघू नको. बहिणीचं नाव सांग.”

“सायब, आम्ही तिला ताईच म्हणतो.”

मागनं म्हातारी उतरून आली. “काय बी काय इचारून राहिलात त्याला? सायब, ह्यो भाड्याचा मामा हाय. सगळ्या रोडचा.”

सगळे प्रवासी फिदीफिदी हसले. हवालदार हसले न्हाईत. “खोटं नातं सांगून अल्पवयीन मुलगी घेऊन फिरतोय,” म्हणले, “बस तिथं.” मी बाकड्यावर बसलो न्हाई, पडलो. प्रवासी दुसऱ्या गाडीनं लावून दिले. म्हातारी जाताना माझ्या खिशात कुंकवाची पुडी घालून गेली. मी ती खिडकीतनं भाईर टाकली.

मंग मॅडम आल्या, सायबीण. त्यांनी पोरीला आत घेऊन लई वेळ बोलून घेतलं. नांदेडला फोन केला. मंग मला बोलावलं.

“ती तुझ्या गाडीत स्वतःहून बसली?”

“हाव मॅडम. तिच्या मर्जीनं.”

“अठराच्या आतल्या मुलीची मर्जी इथं मोजत नाहीत. पालकाच्या ताब्यातून नेली, तर नेणारा अडकतो. भाडं घेतलं का तिच्याकडून?”

मला वाटलं, घेतलं म्हणलो तर फसंल. “न्हाई मॅडम, एक रुपाया न्हाई!”

“म्हणजे फुकट नेत होतास? कशासाठी?”

“आम्ही उतरताना घेतो हो मॅडम, उतरताना!” मी रडाय लागलो. जबाब लिहिणारा शिपाई म्हणला, ह्ये रडणं बी लिहू का?

मॅडमनी चुलत्याला फोन लावला, माझ्यासमोरच. चुलता मोठ्यानं बोलून राहिला होता, सगळं ऐकू येत होतं.

“तुम्ही मुलीचे कोण?”

“पालक.”

“कशावरून?”

“कशावरून म्हंजे? बाप गेला. चुलता म्हंजे बापच की!”

“आई आहे ना? बाप गेल्यावर कायद्यानं आई पालक. तुम्हाला कोर्टानं नेमलंय का?”

मला ह्ये नवीन होतं. आमच्यात बाप गेला की चुलता, ह्यावर कुणी इचारच करत न्हाई. त्या आईनं बी केला नसंल, न्हाईतर फाटकातनं परत कामून गेली असती?

मला वाटलं, सुटलो. मॅडम म्हणल्या, “सुटला नाहीस. तिकडं तक्रार झालीय. मुलगी बालगृहात राहील, समितीपुढं उभी करू. तुला बोलावलं की यायचं. गाव सोडायचं नाही.” अन् जाता जाता ओव्हरलोडची पावती फाडली.

घरी आलो तर बायकोला आधीच कळलेलं. “एवढी वर्षं झाली, मला गाडीत बसवून माहूरला न्यायला जमलं न्हाई,” म्हणली, “अन् लोकाच्या पोरी लातूरला नेतंय!” पण रातीला झोपायच्या आधी तिनं दाराची कडी दोनदा बघितली. लेक त्या दिवसात शाळंतनं एकटीच यायची. पोरी तिला काही बोलत असतील, मी इचारलं न्हाई. गाडी दारात उभी. रस्त्यानं मोटारसायकल थांबली की मी संडासात जायचो.

मंग बोलावणं आलं, लातूरला, बालकल्याण समितीपुढं. रिकामी गाडी घेऊन गेलो. मला वाटलं, काळा कोट असंल, पिंजरा असंल. तर निस्तं टेबल, फिरणारा फॅन अन् चष्मेवाल्या एक बाई, बाजूला दोन-तीन माणसं. एका बाजूला पोरगी अन् तिची आई. आईच्या हाताला चटक्याचे डाग. दुसऱ्या बाजूला चुलता. मला वाटलं होतं मिशीवाला पैलवान असंल. बारीक माणूस, टोपी हातात घेऊन चुरगाळून राहिलेला. अरं, ह्यो तर माझ्यासारखाच भ्यालेला.

बाईंनी पोरीला इचारलं, “तुला कोणी बोलावलं? कोणी सांगितलं?”

“कुणी न्हाई मॅडम. गाडीवर लातूर लिहिलं होतं, म्हणून बसले.”

“आणि हे मामा?”

ती माझ्याकडं बघून म्हणली, “माझे न्हाईत. सगळेच म्हणतात. मी भिऊन खोटं बोलले.”

मला बरं वाटाय पाहिजे होतं. वाटलं बी. पण जरासं गाडीतनं उतरवल्यासारखं बी वाटलं.

मंग माझी पाळी. “एकटी लहान मुलगी इतक्या लांब निघाली, तुम्ही विचारलं नाही?”

“इचारलं असतं तर दुसऱ्या गाडीत बसली असती बाई. सीट गेलं असतं.”

“फूस लावली का?”

एवढ्या दिवसाची फिकीर माझ्या तोंडातनं भाईर पडली. “बाई, आधी मला सांगा, फूस म्हंजे असतंय काय? मी घरात कधी आणली बी न्हाई.”

बाईंनी चष्मा काढला. “काहीतरी आशा दाखवून, लालूच दाखवून नेणं.”

मी इचार केला. “मंग एक लावली बाई. खिडकी देतो म्हणलो होतो.”

“दिली?”

“न्हाई. तिथं हळद होती.”

पोरगी हसली. पहिल्यांदाच हसताना बघितली. तिची आई बी पदरात हसली. चुलता हसला न्हाई. त्यो म्हणला, “भावाची पोर हाय हो. उद्या तिचं काही वाईट झालं असतं तर गावानं मला इचारलं असतं, आईला न्हाई.” बाई म्हणल्या, भेटाय येत जा, आईला इचारून. ‘आईला इचारून’ म्हणल्यावर त्यानं टोपी घातली.

पोरगी आईकडं दिली. मला म्हणले, कागद नांदेडला जातील, तिकडनं बोलावलं तर जा. म्हंजे भ्या राहिलंच. ते आजून हाय.

भाईर आलो तर मायलेकी झाडाखाली उभ्या. आई म्हणली, “दादा, मेसपर्यंत सोडता का? तिकडंच चाललात ना?”

मी चार पावलं मागं सरलो. “ताई, रिक्षा करा. पैसे मी देतो, पण रिक्षा करा.”

“अहो, मी हाय की सोबत. तिची आई.”

मी परत आत गेलो. बाईंना इचारलं, आईसोबत असली तर बसवलेली चालती का? त्यांनी दोनदा हाव म्हणलं, तवा भाईर आलो.

आई मधी बसली, पोरगी खिडकीला. मी सगळ्या लातुरातनं दुसऱ्या गेअरमधी गाडी चालवली, मागची मोटारसायकल हॉर्न मारून राहिली तरी. पोरीनं काच खाली घ्याय हँडल फिरवलं. फिरवून राहिली, फिरवून राहिली. त्या बाजूची काच दोन वर्षं झाली खाली होत न्हाई. ते मी समितीला सांगितलं नव्हतं.