असले तरी, असल्यामुळे

कोर्टात तिला कुणी नावाने हाक मारत नसे. कारकुनांपासून वकिलांपर्यंत सगळ्यांसाठी ती कानामात्राबाई. न्यायाधीशसाहेबांची स्टेनो. साहेब सांगत, ती लघुलिपीत उतरवून घेई आणि मग टंकून काढी. एकोणतीस वर्षांत तिच्या हातून गेलेल्या कागदात काना जास्त नाही की मात्रा कमी नाही. एखादा वकील हौसेने चूक शोधायला बसलाच, तर हात हलवत परत जाई. घरीही तीच तऱ्हा. जिन्यातल्या ‘पाणि जपून वापरा’ या पाटीतली वेलांटी ऱ्हस्व होती, म्हणून ही बाई त्रेपन्नाव्या वर्षी, कुरकुरते गुडघे घेऊन स्टुलावर चढली आणि ती दीर्घ करून खाली आली. पाणी वाचवायचं मात्र कुणीच मनावर घेतलं नाही.

कोर्टासमोरच तिच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. दुपारचा डबा दोघं तिथेच खात. नवरा काचा घासता घासता जगाचे निवाडे करी.

“ज्याने जीव घेतला, त्याला फाशी. त्यात चर्चा कसली?” तो म्हणे.

“सगळ्यांना?”

“सगळ्यांना.”

“अहो, पण देतात कुठे सगळ्यांना? एकाला देतात, दुसऱ्याला नाही.”

“ते तुझ्या साहेबांना विचार,” असं म्हणून तो तिच्या डब्यातली भाजी पळवी. वाद तिथेच संपे.

त्या आठवड्यात साहेबांनी एका खटल्याचा निकाल सांगितला होता. गोदामात चोरी करताना एका पोराने पहारेकऱ्याला लोखंडी गजाने ठार मारलं होतं. गुन्हा शाबीत झाला होता, प्रश्न फक्त शिक्षेचा होता, आणि साहेबांनी फाशी सांगितली होती. आता तो निकाल दुसऱ्या दिवशी भर कोर्टात वाचून दाखवायचा होता.

टंकून झाल्यावर बाई नेहमीसारखी ओळीखाली पट्टी धरून वाचायला बसली. अडतिसाव्या पानावर पट्टी थांबली. ‘आरोपीचे वय अवघे चोवीस असल्यामुळे त्याला दया दाखवता येणार नाही.’ हे काय भलतंच? तिने वही उघडली. साहेबांनी सांगितलं होतं, ‘चोवीस असले तरी’. वहीत स्वच्छ तसंच होतं. हाताने मात्र ‘असल्यामुळे’ टंकलं होतं.

एकोणतीस वर्षांतली पहिली चूक. तिचे कान तापले. खोलीत कुणी नव्हतं, तरी तिने कागदावर हात ठेवला.

मग तिला वाटलं, हाताने हे आणलं कुठून? आपला हात काही मनचं घालत नाही. ती उठली आणि कपाटातून तीन वर्षांपूर्वीचा गठ्ठा काढून बसली. दुसरं गोदाम, दुसरा पहारेकरी, पण तसाच गज आणि तसाच चोवीस वर्षांचा पोरगा. साहेबही हेच. ‘आरोपीचे वय अवघे चोवीस असल्यामुळे तो सुधारण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ त्याला जन्मठेप झाली होती. तेव्हाही तिनेच टंकलं होतं. तिचं डोकं विसरलं होतं, बोटं नाहीत.

शब्द दुरुस्त करायला अर्धं मिनिट लागलं असतं. ती दोन्ही कागद घेऊन समोर दुकानात गेली.

“तुझं काम टंकायचं,” नवरा म्हणाला. “उगाच विस्तवाशी खेळू नकोस.”

तिने डबा उघडलाच नाही. तो थोडा वेळ काच घासत राहिला.

“दोन्ही पोरं चोवीसचीच?”

“हो.”

“मग जा. डबा मी राखून ठेवतो.”

ती साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. “साहेब, माझ्याकडून एक चूक झाली.”

“तुमच्याकडून?” साहेब हसले. “मग आज कोर्टाला सुट्टीच द्यायला हवी.”

तिने दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली. साहेबांनी वाचली, पुन्हा वाचली. हसू कधीच ओसरलं होतं.

“तुम्ही मला कायदा शिकवताय?”

“नाही साहेब. व्याकरण.”

साहेब मात्र रागावले नाहीत. ते हळू म्हणाले, “आणि मी तेव्हाच चुकलो असेन तर? दोघांनाही फाशीच योग्य होती, असं निघालं तर?”

हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. एकाला वाचवायला आले आणि दुसऱ्यालाही गोत्यात घातलं की काय?

“तरी तो जिवंत आहे, साहेब,” ती म्हणाली. “त्याच्याबद्दल अजून वाद घालता येतो. ह्याच्याबद्दल नंतर कोण घालणार? आणि घालून काय उपयोग?”

साहेबांनी दोन्ही पानं पुन्हा जवळ ओढली. “काय फरक होता हो त्या दोघांत?”

“त्याचे वडील रोज यायचे. तपकिरी कोट घालून. ह्याचं कुणीच येत नाही. ह्याला सरकारने दिलेल्या वकिलाने तर दोनदा ह्याच्याऐवजी मयताचंच नाव घेतलं.”

“तो कोट आठवतो मला,” साहेब म्हणाले. “सारखे माझ्याकडे बघत बसायचे.” मग त्यांनी चष्मा लावला. “वही काढा.”

दुसऱ्या दिवशी कोर्टात जन्मठेप वाचली गेली, ‘वय अवघे चोवीस असल्यामुळे’. पोराला आधी कळलंच नाही. पोलिसाने कानात सांगितलं, तेव्हा तो मटकन खाली बसला. कानामात्राबाईला इतका आनंद झाला, की तिला तो कुठे ठेवावा कळेना. नवऱ्याला सांगायला ती जवळजवळ धावतच बाहेर पडली.

बाहेरच्या बाकावर मयत पहारेकऱ्याची बायको बसली होती. प्रत्येक तारखेला ती यायची, मागच्या रांगेत बसायची, कधी कुणाशी बोलायची नाही.

“ताई, निकाल तुम्हीच लिहिता ना?” तिने विचारलं. “त्याच्या वयाचं बरंच काही वाचलं आत. आमच्या ह्यांचं वय लिहिलंय का कुठे?”

एक्केचाळीस पानं बाईला पाठ होती. “लिहिलंय. सातव्या पानावर. शवविच्छेदनाच्या अहवालात. अंदाजे तीस.”

“अंदाजे?” पहारेकऱ्याची बायको म्हणाली. “मला विचारलं असतं तर सांगितलं असतं की. सव्वीसचे होते.”

कानामात्राबाईचा हात सवयीने पेनाकडे गेला. निकालावर सही झाली होती. आता त्यात कानाही घालता येत नव्हता.

“चूक झाली,” ती शेवटी म्हणाली, आणि त्या बाईच्या शेजारी बसली.