एकाच क्रमांकाचे दोन कागद

मार्तंडराव खेर्डेकरांच्या घरात काहीही शिरलं की त्याला आधी क्रमांक मिळतो, मग पाणी. माझ्या पोराच्या लग्नाची पत्रिका घेऊन गेलो, तर या गृहस्थाने पत्रिकेच्या कोपऱ्यात लाल शाईने ‘आवक २१२’ लिहिलं, तारीख टाकली, आणि तेव्हा कुठे मला म्हणाले, बसा. माझी शिडी त्यांनी आंबे उतरवायला नेली होती. ती परत आली तेव्हा सोबत एक चिठ्ठी होती. खाली सही करायची, शिडी मिळाल्याची पोच म्हणून. मी सही केली आणि पुढे लिहिलं, ‘दोन पायऱ्या कमी.’ बिचारे संध्याकाळी येऊन पायऱ्या मोजून गेले.

त्यांचं आयुष्यच तसं गेलं. वडील दुसरबीडला भिक्षुकी करायचे. पोराने पोथी सोडली अन् रजिस्टर धरलं, पण सोवळं तेच ठेवलं. एका सरकारी कचेरीत त्यांनी चौतीस वर्षं बारनिशी सांभाळली. बारनिशी म्हणजे आवक-जावकीचं टेबल. आलेला कागद असो की गेलेला, नोंद झाल्याशिवाय तो हलायचा नाही. साहेब बदलले, कचेरीचा रंग बदलला, हे टेबल सोडून उठले नाहीत. चौतीस वर्षांत एकदाही ‘कारणे दाखवा’ नोटीस आली नाही, हे ते देवाचं नाव घ्यावं तसं सांगतात. निवृत्त होऊन मेहकरात घर बांधलं, तर घरातही वही आली. टपाल, पत्रिका, गॅसची चिठ्ठी, फोन, सगळ्याची नोंद. शेवटच्या रकान्यात ‘निपटारा’.

माझं बी-बियाण्याचं दुकान त्यांच्या घरासमोर. गिऱ्हाईक नसलं की माझे डोळे त्यांच्या ओट्यावर. आता खोटं कशाला सांगू, गिऱ्हाईक असलं तरी तिथेच. माणूस एवढा सरळ असला की जीभ वळवळते. निवृत्तीनंतर वर्षभराने मी एकदा आवाज बदलून त्यांना फोन लावला. म्हटलं, आयुक्तालयातून बोलतो, जुन्या जावक रजिस्टरात एक पान कमी आहे, उद्या अकराला बुलढाण्याच्या कचेरीत हजर व्हा. मला वाटलं, ओळखतील. दुसऱ्या दिवशी हे इस्त्रीचा शर्ट घालून, पिशवीत डबा घेऊन पहिल्या एसटीने गेले आणि दिवसभर तिथल्या बाकावर बसून आले. संध्याकाळी मी हसत कबूल केलं, तर दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. वहीत मात्र नोंद केली: ‘दूरध्वनी. खोटा. उकंडराव.’ उकंडराव म्हणजे मी.

ती नोंद पुढे माझ्याच गळ्याशी येणार होती.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. मंगळवार होता. रोज नऊला मार्तंडराव पेपर घेऊन ओट्यावर येतात. साडेनऊ झाले, दहा झाले, ओटा रिकामा. पुढच्या खोलीची खिडकी बंद, पडदाही ओढलेला. पेपर दारात तसाच पडून. मी दोनदा रस्ता ओलांडून गेलो अन् दोनदा परत आलो. एका शेतकऱ्याला हरभऱ्याच्या फवारणीचं औषध द्यायचं होतं, त्याला खताची पावती फाडून दिली. त्याने ती परत आणून दिली तेव्हा कळलं.

अकराच्या सुमाराला मार्तंडरावांची बायको, पद्मजावहिनी, माझ्या दुकानाच्या पायऱ्या चढून आल्या. पायऱ्या तीनच, पण वहिनी त्या आडव्या होऊन चढतात. एक पाय, मग दुसरा, मग भिंतीला हात. दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली. पुढच्या महिन्यात अकोल्याला दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं आणि त्यासाठी मार्तंडरावांनी चौकातल्या बँकेत मुदत ठेव ठेवली होती. निवृत्तीच्या पैशातलं मोठं असं तेवढंच उरलेलं. ती ठेव गल्लीत सगळ्यांना माहीत होती, कारण ‘वहिनींचे गुडघे बँकेत आहेत’ असं मीच सगळ्यांना सांगितलं होतं.

वहिनी टेकल्या आणि थेट म्हणाल्या, “भाऊजी, खरं सांगा. हे तुमचंच काम आहे ना?”

मी म्हटलं, कोणतं? त्यांनी सांगितलं ते असं. सव्वानऊला फोन आला. मार्तंडराव उभे राहून बोलले. मग आत गेले, कचेरीत जायचे तसे कपडे घातले, कडी लावली. आतून हळू आवाज येतो. चहा नको म्हणाले. पेन्शनचं काम आहे, कोणी बोलवू नका म्हणाले. आणि मघाशी वहिनींनी दाराला कान लावला, तर हे फोनला विचारत होते, साहेब, लघवीला जाऊन येऊ का?

“मागच्या वेळी तुम्ही बुलढाण्याला पाठवलं,” वहिनी म्हणाल्या, “आता घरातच कोंडलं. एवढ्या वयात काऊन असं करता?”

“वहिनी, देवाशपथ सांगतो, मी नाही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. विश्वास बसला नव्हता. आणि मी नसेन तर दुसरं कोण, हे तेव्हा माझ्या लक्षात येऊ लागलं.

मागच्या बोळातून त्यांच्या न्हाणीघराकडून गेलं की त्या खोलीची लहान खिडकी दिसते. मी तिथून पाहिलं. मार्तंडराव खुर्चीत ताठ बसलेले, मांडीवर वही. समोर टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकून फोन उभा केलेला. फोनमध्ये खाकी कपड्यातला माणूस, मागे झेंडा, भिंतीवर कसलंसं बोधचिन्ह. तो माणूस हिंदीत बोलत होता. मला तुकडे ऐकू आले: मुंबई, तुमच्या आधार कार्डावर सिम, काळा पैसा, अटकेचा हुकूम. कोणाला सांगितलंत तर घरच्यांनाही आत घेऊ.

मध्यंतरी फोन लावला की घंटी वाजायच्या आधी एक बाई मध्येच बोलून राहायची, आठवते? पोलीस, न्यायाधीश म्हणून कोणी व्हिडिओ कॉल केला तर घाबरू नका, सावध राहा. त्या बाईला मी रोज शिव्या दिल्या. गिऱ्हाईक तिकडे, माल इकडे, अन् ही मध्येच. त्या खिडकीशी उभं राहून तिचं एकेक वाक्य मला आठवलं. डिजिटल अटक नावाचा प्रकार कायद्यातच नाही. कोणताही पोलीस फोनवर अटक करत नाही, पैसे मागत नाही.

मी बिलाच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘हे चोर आहेत. फोन बंद करा.’ काच वाजवली नाही, नुसता कागद धरला. मार्तंडरावांची नजर वर आली. त्यांनी कागद वाचला. मग माझं तोंड वाचलं. तोंडाकडे पाहूनच त्यांचा चेहरा आंबट झाला. फोनला दिसणार नाही असा हात खाली नेऊन त्यांनी वहीच्या कोपऱ्यावर काहीतरी लिहिलं आणि वही माझ्याकडे वळवली.

‘ही मस्करीची वेळ नाही. जा.’

एवढी वर्षं मी खोटं बोललो आणि त्यांनी खरं मानलं. आज एकदाच खरं लिहिलं, तर ही गत.

मी परत आलो. मग पुन्हा गेलो. पुढच्या दाराने कडी वाजवली, तर आतून आवाज आला, “नंतर या.” वहिनींना म्हटलं, पोलीस स्टेशनला जातो. त्या म्हणाल्या, अन् खरंच यांच्यावर काही असलं तर? तुम्हीच पोलीस घरात आणाल? हीच तर गोम होती. त्या फोनमधल्या माणसाने घरातल्या प्रत्येकाच्या मनात तेवढी एक फट ठेवली होती. मी ओट्यावर बसलो, उठलो, फाटकाशी गेलो. वहिनी दाराला टेकून उभ्या. बसा म्हटलं तर बसेनात.

दीडला कडी निघाली.

मार्तंडराव बाहेर आले. शर्टाच्या खिशात फोन, कॅमेरा बाहेर डोकावणारा, कॉल चालूच. हातात प्लास्टिकची पिशवी आणि त्यात मुदत ठेवीची पावती. ती मला लांबूनही ओळखू आली, हिरवी कडा होती. वहिनींनाही आली. त्यांनी तोंडाला पदर लावला. पावती चालली होती म्हणजे अकोला चाललं होतं.

मी फाटकात आडवा उभा राहिलो. मार्तंडराव डोळ्यांनी म्हणत होते, बाजूला हो. आता चोर म्हणावं तर पटणार नाही. पिशवी ओढावी तर हा माणूस रस्त्यावर पडेल. माझ्या डोक्यात एवढंच होतं की दोन वाजले की बँकेत जेवणाची सुट्टी होते. अर्धा तास कसाबसा काढायचा, मग पुढचं पुढे. आणि या माणसाला अर्धा तास थांबवणारी जगात एकच गोष्ट आहे.

मी फाटकाला कडी घातली, आत जाऊन ती वही आणली, त्यांच्यासमोर धरली आणि जमेल तेवढं गंभीर होऊन म्हटलं, “मार्तंडराव, कागद घराबाहेर जाऊन राह्यला. जावकीत नोंद झाली का?”

ते थबकले. त्यांचा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे गेला.

खिशातला साहेब काहीतरी खेकसला. मार्तंडराव नम्रपणे म्हणाले, साहेब, एक मिनिट, फक्त नोंद करतो. आणि ओट्यावर बसले. चौतीस वर्षांची सवय. जीव गेला असता तरी नोंदीआधी गेला नसता.

त्यांनी लिहिलं: ‘जावक. मुदत ठेव पावती. बँकेकडे.’ पुढचा रकाना, कोणत्या आदेशाने. आदेश फोनवर आला होता. त्यांनी खिशातून फोन काढला, व्हॉट्सअ‍ॅपवरचं, ठेव मोडून पैसे पाठवायचं पत्र उघडलं आणि वरच्या डाव्या कोपऱ्यातला क्रमांक उतरवू लागले. गुप्त, तिरकी रेघ, ४७१. मग पेन थांबलं.

पान उलटलं. त्याच दिवशी सकाळची आवक. अटकेचा हुकूम. गुप्त, तिरकी रेघ, ४७१.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. दोन्ही पत्रं फोनवर एकामागून एक पाहिली. विषय वेगळा, मजकूर वेगळा, वेळ वेगळी, क्रमांक एकच. मला तर काही कळत नव्हतं. मी नुसतं घड्याळ पाहत होतो. दोनला दहा कमी.

मार्तंडरावांनी फोन तोंडासमोर धरला. आवाज कापत होता, पण तो घाबरल्याचा नव्हता. एखाद्या नव्या शिपायाने रजिस्टरावर चहा सांडला तर निघायचा तसा आवाज होता.

“साहेब, आपल्याकडे बारनिशी कोण पाहतं?”

तिकडून आरडाओरडा झाला. काय बोलता, तुम्ही अटकेत आहात, तुमच्या बायकोलाही उचलू.

“ते नंतर. एकाच क्रमांकाचे दोन कागद बाहेर पडले आहेत. असं होत नाही. सकाळचा खरा असेल तर हा खोटा, अन् हा खरा असेल तर सकाळचा खोटा. आणि मला तर आता दोन्ही खोटे दिसून राह्यले.”

साहेबाने आईवरून शिवी दिली. मार्तंडरावांनी कॉल कापला. आणि मग फोन त्यांच्या मांडीवरून घरंगळून ओट्यावर पडला. तो लगेच वाजू लागला. पुन्हा वाजला. पुन्हा. वहिनींनी तो उचलून उलटा ठेवला, त्यावर पेपर टाकला. पेपराखाली तो वाजतच राहिला.

मी माझ्या फोनवरून १९३० लावला. सायबर फसवणुकीचा तो नंबर मी पाठ केला होता, त्याच शिव्या खाणाऱ्या बाईच्या कृपेने. पैसे गेले नव्हते. आधार कार्डाचे आणि पासबुकाचे फोटो मात्र मार्तंडरावांनी सकाळीच पाठवून दिले होते. तिथून बँकेत गेलो. सुट्टी झाली होती, तरी मॅनेजर बाईंनी आत घेतलं, खात्यावर नजर ठेवायची व्यवस्था केली, आधार लॉक करायला सांगितलं. मग पोलीस स्टेशनला लेखी अर्ज. हवालदार म्हणाला, ठीक आहे काका, निघा आता. काका निघेनात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही. पोच मिळाल्यावरच उठले.

माझ्यासारख्या माणसाच्या पोटात ही गोष्ट किती दिवस राहणार? मी आठवडाभर दाबली, नुसतं पोट दुखत होतं. मार्तंडराव ओट्यावर येत नव्हते. पेपर आतच वाचायचे. कुठे घंटी वाजली, अगदी सायकलची, तरी दचकायचे. आठव्या दिवशी स्वतःच दुकानात आले.

“उकंडराव, तुम्ही सांगणारच आहात. निदान नीट सांगा. मी मूर्ख ठरलो तरी चालेल, पण आपल्या गल्लीतल्या त्या तानुबाईंना पटलं पाहिजे. त्या एकट्या राहतात.”

मी हो म्हटलं. थट्टा करायचं सुचलंच नाही, हे मला अजून खटकतं.

त्या दिवसापासून त्यांनी एक नवा नियम काढला. ज्याचा फोन घ्यायचा, त्याला एकेक क्रमांक देऊन ठेवलाय. आवाज आपल्या माणसाचा वाटला तरी क्रमांक विचारायचा. पुण्याच्या लेकीला, हिमानीला, १. मला ९. मी म्हटलं, एवढा खाली काऊन? म्हणाले, पूर्वीची नोंद पाहता हाही वरचाच आहे.

अकोल्याला ऑपरेशन झालं त्या दिवशी मी दुकान उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. दुपारभर फोन हातात. लावू की नको. त्यांचं कुठे काही चालू असेल. चारच्या पुढे राहवेना, लावला. चार घंट्या गेल्या.

“हॅलो,” मार्तंडराव म्हणाले, “आधी क्रमांक.”

“नऊ. आता सांगता का?”

पान उलटल्याचा आवाज आला. दवाखान्यातही वही होती. मग पेनाचा आवाज.

“हं,” ते म्हणाले. “दोन्ही झाले. शुद्धीवर आहे. तुम्हाला विचारून राह्यली, दुकानाच्या पायऱ्या तीनच आहेत ना अजून?”