चाकणला सायकलवरून, नवव्या विकेटसाठी

पिंपरीहून चाकणला सायकलने जायचं म्हटलं की हल्ली लोक आधी नाशिक रस्त्याच्या ट्रॅफिकबद्दल बोलतात आणि मग हळूच माझ्या पांढऱ्या केसांकडे बघतात. बघू देत. मी हा रस्ता तेव्हा पाहिलाय, जेव्हा भोसरी मागे पडली की बैलगाड्या, कांद्याचे ट्रक आणि अधूनमधून एखादी लाल एसटी, एवढंच काय ते भेटायचं. सत्तरचं दशक संपत आलं होतं. चाकणला तेव्हा कंपन्या नव्हत्या, कांदा होता. आणि आम्हाला तिथून अठरा गुण आणायचे होते.

हे गुणांचं प्रकरण आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं तुमच्या डोक्यावरून जाईल.

कंपनीत साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या आमच्या टूलरूम विभागाच्या क्रिकेट संघाचा कॅप्टन गंगाराम कांबळे. चाळिशीला टेकलेला, मध्यमगती बोलर, आणि मैदानात शिवी न देणारा आमच्या कंपनीतला बहुधा एकमेव माणूस. आम्ही सगळे त्याला दादा म्हणायचो. आसपासच्या कंपन्या आणि गावं मिळून दर हिवाळ्यात स्पर्धा व्हायची ती बाद पद्धतीची. आम्ही पहिल्याच रविवारी हरायचो आणि उरलेला हिवाळा दुसऱ्यांच्या मॅचला टाळ्या वाजवायचो. दरवर्षी, न चुकता.

त्या वर्षी आमचे एक साहेब मशीनच्या ट्रेनिंगला इंग्लंडमध्ये राहून आले होते. तिकडची काउंटी क्रिकेटची स्पर्धा त्यांनी बरीच पाहिली होती. चहाच्या सुट्टीत त्यांनी दादाला सांगितलं की तिकडे नुसतं हार-जीत बघत नाहीत. जिंकलं तर बारा गुण, ते आहेतच. पण पहिल्या डावात, ठरलेल्या षटकांच्या आत दीडशे धावा झाल्या की एक गुण, दोनशेला दोन, अडीचशेला तीन, तीनशेला चार. बोलिंगचंही तसंच. तीन विकेटना एक, पाचला दोन, सातला तीन आणि नऊला चार. हे जादा गुण सामना हरलात तरी तुमचेच. त्यामुळे हरायला लागलेला संघही शेवटपर्यंत जीव तोडून खेळतो.

दादाने ते असं काही मनावर घेतलं की विचारू नका. आमची मॅच पस्तीस षटकांची, म्हणून धावांचे आकडे त्याने निम्मे केले, म्हणजे पंच्याहत्तर, शंभर, सव्वाशे, दीडशे. विकेटचे तसेच ठेवले. मग बाकीच्या पाचही संघांच्या कॅप्टनांच्या घरी चपला झिजवल्या. शेवटी सगळे म्हणाले, ठीक आहे राव, एक वर्ष करून बघू. भांडणं झाली तर पुढच्या वर्षी पुन्हा बाद पद्धत. दादाचा जीव त्या एका वर्षात अडकला होता. त्याला कप नको होता. आपल्यासारख्या पडेल संघाला पाच रविवार खेळायला मिळतायत, हेच त्याला टिकवायचं होतं.

आणि गंमत अशी की पाच रविवार खेळायला मिळाल्यावर आम्ही बरे खेळायला लागलो. शेवटची साखळी मॅच चाकणशी, त्यांच्या गावात. पहिले दोन संघ फायनल खेळणार होते आणि पेंट शॉपचा संघ सगळ्या मॅचेस संपवून दुसऱ्या जागेवर बसलेला. त्यांच्या पुढे जाऊन फायनल गाठायला आम्हाला अठरा गुण हवे होते.

आम्ही सकाळी उजाडता उजाडता निघालो. बारा जण, सायकली आठ, बाकीचे कॅरिअरवर. मी बारावा. बार्शीहून नोकरीला आलेला, कधीमधी खेळणारा, बहुतेक वेळा धावा लिहिणारा. भोसरीच्या चौकात भजी आणि चहा झाला. तुम्ही गेलात तर खायचं ते भोसरीतच खाऊन घ्या, हा सल्ला मी आजही देईन, कारण पुढे ऊन चढलं की खाण्यापेक्षा पाणीच आठवतं. मोशीनंतर रस्ता इंद्रायणीकडे उतरतो. पुलावर थांबा. तेव्हा पाणी तळ दिसेल इतकं स्वच्छ होतं, आता काय आहे ते मी लिहीत नाही. चिंबळी, कुरुळी असं करत चढ लागतो. तिथे यशवंत, आमचा विकेटकीपर, किटबॅगसकट माझ्या कॅरिअरवर बसला होता. मी म्हटलं, उतर. तो म्हणाला, ‘‘मी उतरलो तर माझे पाय दुखतील, मग कॅच कोण घेणार?’’ आणि बसूनच राहिला.

चाकणला किल्ल्याच्या बाजूला, कापणी झालेल्या एका शेतात मॅट अंथरलेली होती. चाकणचे कॅप्टन बबनराव, मिशीवाले, स्वतःचं कांद्याचं शेत असलेले. ते पुढे आले तेच पडलेल्या चेहऱ्याने.

‘‘कांबळेसाहेब, घोटाळा झालाय. आमचे दोन गडी कांद्याच्या ट्रकसंगं मुंबईला गेल्ते. ट्रक घाटात बंद पडलाय. आमी नऊच हाय.’’

आमच्याकडे अशा वेळी एक रीत होती. पाहुण्या संघाकडे जास्तीचा माणूस असेल तर तो उसना द्यायचा. दादाने मागेपुढे न बघता माझ्याकडे बोट दाखवलं. ‘‘हा सुभाष घ्या. फिल्डिंगलाही घ्या, बॅटिंगलाही घ्या.’’

आणि मी चाकणचा झालो. स्वतःच्या संघाविरुद्ध डीप स्क्वेअर लेगला उभा राहिलो आणि आमच्याच यशवंतची बऱ्यापैकी अवघड कॅच घेतली. त्याने जाताना माझ्याकडे असं पाहिलं की परतीच्या प्रवासात कॅरिअरवर कोण बसणार ते तिथेच ठरलं.

आम्ही सगळे बाद एकशे सतरा. म्हणजे बॅटिंगचे दोन गुण. मग जेवण. बबनरावांच्या घरून भाकरी, पिठलं, ठेचा आणि हाताने फोडलेला कांदा आला. असं पिठलं पुन्हा खाल्लेलं नाही. चाकणला कुणी हॉटेलं सुचवायला लागलं की मला तेच आठवतं आणि मी गप्प बसतो.

जेवताना यशवंतने हिशोब मांडला. जिंकण्याचे बारा, बॅटिंगचे दोन, झाले चौदा. अठराला चार कमी. चार म्हणजे नऊ विकेट. तो घास हातात धरून थांबला. ‘‘दादा, ते नऊच असते तर आठ विकेटवर डाव संपला असता. नववी विकेट पडायला माणूसच नव्हता. सुभाष धरून दहा झाले, म्हणून नववी विकेट आहे. तू आपलीच विकेट त्यांना उसनी दिलीस.’’

सगळे हसले. दादा नाही हसला. त्याने हे गणित करून मला दिलं नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. आणि इतरांना ते तसं दिसणार नाही, हेही त्याला त्याच क्षणी कळलं असावं.

यशवंत पाणी प्यायच्या निमित्ताने माझ्याजवळ आला. ‘‘सुभाष, शहाण्यासारखं वाग. दोन बॉल खेळ आणि ये.’’

दादाने ते ऐकलं. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. ‘‘तू आज बबनरावांचा आहेस. नीट खेळायचं. मुद्दाम आउट झालास तर ही सगळी पद्धत नासली म्हणून समज. लोक म्हणतील, गुणांच्या हव्यासाने माणसं विकेटी वाटायला लागली.’’

मी हो म्हटलं. तेवढं सोपं होतं.

चाकणची आठवी विकेट चौऱ्याऐंशीवर पडली आणि मी आत गेलो. समोर बबनराव. जिंकायला चौतीस हव्या होत्या. आम्हा दोघांपैकी कुणीही आउट झालं की नववी विकेट आणि मॅच खलास. षटकं संपेपर्यंत टिकलो तर टूलरूम जिंकली तरी सतराच गुण, फायनल गेली. आणि आम्ही धावा काढल्याच तर चाकण जिंकणार.

खरं सांगतो, पहिले चार बॉल मी नुसते अडवले. पाचव्या बॉलला बॅट नीट लागली, बॉल मिडऑनच्या बाजूने सुटला, बबनराव ओरडले, ‘‘पळ!’’ आणि आम्ही तीन धावा पळालो. तिथून मला मजा यायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या खेळण्यावर अवलंबून होतं. बबनराव दांडपट्टा चालवत होते, मी एक-एक धाव काढून त्यांना समोर आणत होतो. बांधावर बसलेलं अख्खं गाव माझं नाव विचारून घेऊन ओरडत होतं. एकशे अकरा झाले. दोन षटकं बाकी, सात धावा हव्या. माझ्या मनात टूलरूम नव्हतीच. मला चाकण जिंकायला हवं होतं.

दादाने बॉल स्वतःकडे घेतला. पहिला बॉल ऑफ स्टंपच्या किंचित बाहेर. मी पुढे झालो. बॅटला अगदी नखभर काहीतरी लागलं, हाताला कळलं, कानाला नाही. यशवंतने बॉल पकडला आणि बोंब मारली. अंपायर होते तिथल्या शाळेचे गुरुजी. त्यांनी शांतपणे मान हलवली. नॉट आउट.

क्षणभर मी तसाच उभा राहिलो. थांबलो तर मी खोटा. निघालो तर खरा, पण सगळ्या जगाला मी खोटाच दिसणार. अंपायरने नॉट आउट दिलेला माणूस आपणहून आउट होऊन आपल्याच संघाला फायनलमध्ये पोहोचवतो, यावर मी स्वतःसुद्धा विश्वास ठेवला नसता.

बॅट काखेत मारली आणि निघालो.

बबनराव अर्ध्या पिचवर येऊन मला आडवे आले. ‘‘लागला व्हता?’’

‘‘लागला होता.’’

त्यांनी माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, ‘‘मंग चल,’’ आणि माझ्याबरोबर चालायला लागले. हरूनही चाकणला सहा गुण मिळाले होते, तेवढंच मला बरं वाटलं.

परतताना आम्ही म्हाळुंग्यावरून देहूचा रस्ता धरला. कच्चा होता, पण संध्याकाळी सुंदर दिसायचा. त्या बाजूने जाणार असाल तर पंक्चरचं सामान बरोबर ठेवा. नदी ओलांडून देहूत आलो, घाटावर पाय धुतले, चहा घेतला. बाकीचे फायनलच्या गप्पांत रंगलेले. दादा माझ्याशेजारी येऊन बसला.

‘‘सुभाष, खरंच लागला होता ना?’’

‘‘हो दादा.’’

निगडीच्या अलीकडे त्याने सायकल माझ्या बाजूला आणली आणि तेच पुन्हा विचारलं. मला वाईट वाटलं, रागही आला. पण त्याचंही बरोबर होतं. आपण ज्यासाठी एवढी धावपळ केली त्याला आपल्याच माणसाचा डाग लागला नाही ना, हे त्याला कुणाकडून तरी कळायला हवं होतं, आणि माझ्याशिवाय विचारणार तरी कुणाला?

पेंट शॉपने करायची ती तक्रार केलीच. पुढच्या रविवारी चिंचवडला एका हॉटेलात सहा संघांची बैठक बसली. त्यांचा कॅप्टन सरळ म्हणाला, ‘‘विकेट वाटून घेतली. अशा गुणांना काय अर्थ आहे? बंद करा हे काउंटी-बिउंटी.’’ दोघा-तिघांनी माना डोलावल्या. दादा उभा राहिला, ‘तसं नाही’ एवढंच म्हणाला आणि खाली बसला. मी काय बोलणार? माझ्याचबद्दल चाललेलं.

तेवढ्यात बबनराव आले. एसटी चुकली म्हणून दुधाच्या गाडीतून आले होते. उभ्यानेच त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

‘‘हारलं कोन? आमी. मंग कागाळी आमी करायची का तुमी?’’ ते म्हणाले. ‘‘सात धावा हव्या व्हत्या. अंपायर आमचा, त्यानं ऱ्हा म्हनलं. ह्यो थांबला असता तर आमी जिंकत व्हतो. माझ्यासमोर उभा ऱ्हाऊन ह्यो म्हनला, लागला. मी त्याचं तोंड बघितलंय, तुमी न्हाई. ह्ये गुनांचं हाय तसंच चालू द्या. आन् पुन्यांदा आमच्या गड्याला खोटं म्हनायचं न्हाई.’’

पेंट शॉपच्या कॅप्टनने चहा मागवला, सगळ्यांसाठी.

फायनल आम्ही हरलो, तीही वाईट हरलो. गुणांची पद्धत मात्र राहिली, आणि दादा पुढची कितीतरी वर्षं हिवाळाभर खेळत राहिला. पण त्या बैठकीच्या संध्याकाळी मी पिंपरीला खोलीवर आलो, सायकल जिन्याखाली लावली आणि तिथेच पायरीवर बसलो. बार्शी सोडल्यापासून मला कुणी ‘कुठला रे तू’ असं विचारलं की मी उत्तर द्यायला अडखळायचो. बार्शीत मी पुण्याकडचा झालो होतो, इथे बार्शीकडचा. आणि आज सगळ्या लोकांदेखत एका माणसाने मला आमचा म्हटलं होतं, तेही मी त्याची मॅच घालवल्यावर. मला रडायला आलं आणि मी रडलो.