भरतीची पाहणी

कोपरीची आवडाबाई कोळीण कुणाच्या बापाला घाबरत नसे. नवरा गेला तेव्हा तिने रडणं आवरतं घेतलं आणि त्याने खाडीत रोवलेल्या खुंटांना ती स्वतः जाळं लावू लागली. तिचं सगळं पोट त्या खुंटांवर होतं. एका वर्षी परशुराम ठेकेदाराने तिचं जाळं सोडून फेकलं आणि आपलं बांधलं. आवडाबाईने मामलेदाराकडे ताब्याची फिर्याद लावली.

मामलेदार त्र्यंबकराव मासळीचे मोठे भक्त, पण मासळी येते कुठून याच्याशी त्यांना काही घेणं नव्हतं. तुडुंब जेवून ते जागेची पाहणी करायला आले, ते नेमके ऐन भरतीला. खुंट पाण्याखाली.

"सायेब, ओहोटी लागूं द्या, समदे खुंट दिसतील."

"आम्हाला काय तेवढाच उद्योग आहे?" म्हणत रावसाहेब वामकुक्षीला परतले. निकालात लिहिलं, पाहणी केली, खुंट आढळले नाहीत, सबब बाईचा ताबा नाही. अकलेचं असं दिवाळं कोपरीने पूर्वी पाहिलं नव्हतं.

आवडाबाईने हातातल्या पाटल्या मोडून हायकोर्टात वकील दिला. कोर्टाने कागद वाचले, मामलेदार चुकला असावा हेही कबूल केलं, आणि अर्ज फेटाळला.

बाहेर आल्यावर वकील समजावू लागला, "बाई, हे अपील नव्हे. मामलेदाराने नसलेला अधिकार वापरला असता, तर वरच्या कोर्टाने त्याचा कान धरला असता. पण ताबा कुणाचा हे ठरवायचा अधिकार त्याचाच. ते त्याने चुकीचं ठरवलं, तरी इथे हात घालता येत नाही. हवं तर दिवाणी दावा लावा."

"आन त्याचा निकाल लागंपर्यंत खाऊ काय?"

वकिलाने पागोटं सारखं केलं.

"म्हंजे त्याला चुकायचा बी अधिकार हाय," आवडाबाई म्हणाली आणि हायकोर्टाच्या पायरीवरच पचकन थुंकली.

खुंट गेले ते गेलेच. आवडाबाई दुसऱ्यांची मासळी पाटीत घेऊन ठाण्याच्या बाजारात बसू लागली. एक दिवस मामलेदाराचा शिपाई आला. साहेबांकडे पाहुणे होते, पापलेटं हवी होती. तिने पाटीवर ओलं फडकं ओढलं.

"पापलेटं नायत."

"अगं, फडक्याखालून शेपट्या दिसतायत!"

"मी पाहणी केली, मना नाय दिसली," आवडाबाई म्हणाली. "चुकत बी असंन. पण पाटी माजी, ठरवायचा अधिकार माजा. सायबाला म्हणावं, हायकोर्टात जा."