पेटीची किल्ली

माधव नगरच्या आमच्या घरात एक पत्र्याची पेटी आहे. टॉर्च, सेल, मेणबत्त्या, काडेपेट्या, तापाच्या गोळ्या आणि आमच्या ह्यांच्या दम्याचा एक जादा पंप, सगळं तिच्यात. लाइट जावो, नळ न येवो, देवाची सवारी निघून रस्ते बंद होवोत, माझं घर अडत नाही, असं मी टावर चौकात भाजी घेतानासुद्धा ऐकवायची.

मागच्या उन्हाळ्यात पेटीतले सेल कमी व्हायला लागले. आधी दोन, मग चार. ह्यांना विचारलं तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "मला काय माहीत?" घरात आम्ही दोघं आणि बारा वर्षांपासूनची इथलीच, हिंदी बोलणारी कामवाली बाई. मग उरलं कोण? माझ्या मनात पाल चुकचुकली.

मी पेटीला कुलूप ठोकलं. किल्ली आज तांदळाच्या डब्यात, उद्या देवांच्या मागे, परवा उशीच्या अभ्र्यात. बाई झाडायला वाकली की माझी नजर तिच्या हातांवर. तिच्या पदराची गाठ जरा फुगलेली दिसली तरी मी बघत राहायची.

"अगं, कुलूप कशाला?" हे म्हणाले.

"तुम्ही गप बसा! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या द्यायच्या का?"

मे महिन्यात एका दुपारी आंधी आली. घरभर धूळ, लाइट गुल. ह्यांना दम लागला. रोजचा पंप दाबला तर रिकामा. ह्यांचे ओठ निळे पडायला लागले. मी पेटीकडे धावले, आणि किल्ली कुठे ठेवली तेच आठवेना! तांदूळ उपसले, देव हलवले, अभ्रे उलटे केले. काही नाही. मी मोठ्याने रडायलाच लागले.

बाई भांडी टाकून आली. "माँजी, चाबी अचार की बरनी के नीचे है."

तिनेच किल्ली आणली, कुलूप उघडलं, पंप ह्यांच्या तोंडाला लावला. थोड्या वेळाने ह्यांचा श्वास सरळ झाला.

"तेरे को कैसे पता?" मी विचारलं.

"आप जगह बदलती थीं, तो मैं देख के रखती थी. बाबूजी की साँस चढ़ गई और आप भूल गईं तो?" मग ओले हात पदराला पुसत म्हणाली, "ताला किसके लिए है, वो भी पता था."

हे खाटेवरून पुटपुटले, "सेल मीच घेतले होते गं. रेडिओला. तुझी बोलणी कोण खाणार?"

बाई राहिलेली भांडी घासायला आत गेली. कुलूप मी त्याच संध्याकाळी फेकून दिलं. ती अजून रोज येते, आणि चुकलं माझं, एवढं म्हणायला माझी जीभ अजून रेटत नाही.